दारातून पाहिलेला मालगुजार

दिवाळी सरली की आमच्या भंडाऱ्याच्या हवेत तणसाचा वास येतो. धान झोडपून उरलेला तो पिवळा पेंढा ट्रॅक्टरवर लादून नेतात, त्याच्या काड्या रस्ताभर सांडतात, आणि माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपर्यंत तो वास बिनदिक्कत चढून येतो. या वासानं लोकांना नव्या तांदळाचा भात आठवतो, माहेर आठवतं. मला रक्त पिणारे गोरे लोक आठवतात. आता याला कोण काय करणार!

थट्टा नाही करत. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली, एकटी राहणारी बाई मी. शेजारच्या वहिनी मला फार गंभीर समजतात. त्यांना काय ठाऊक, की दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारचं दार लावून घेते आणि मोबाईलवर युरोपातले जुने, लांब सुळ्यांचे सिनेमे बघत बसते. कधी बघता बघता हसते, कधी डोळे भरून येतात. रडण्यासारखं त्यात काही नसतं.

हे खूळ दहावीच्या वर्षाचं. आमचं गाव लाखनीपासून आत, दोन तळी ओलांडून. शालू माझ्या वर्गात होती. तिच्या घरी बारा एकर धानशेती, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. तिच्या मामाचं लाखनीत कॅसेटचं दुकान होतं, ते बसलं. हिंदी सिनेमांच्या कॅसेटी हातोहात गेल्या. जे कोणी कधी भाड्यानंसुद्धा नेलं नाही, ते पोत्यात भरून मामानं बहिणीच्या घरी आणून टाकलं. त्या पोत्यात सगळी भुताटकी निघाली. काही सिनेमे इंग्रजी, काही इटालियन, काही जर्मन असावेत. खाली अक्षरं नाहीत, आणि आमचं इंग्रजी म्हणजे गाईवरचा निबंध.

दिवाळीची सुट्टी, कापणीचे दिवस होते. गाव सगळं बांधीत. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. शालूचे बाबा, भाऊ, गडीमाणसं, सगळे तिकडेच. माझी आईही तिकडेच, शालूच्याच बांधीत विळा घेऊन वाकलेली. बाबा शाळेत शिपाई होते, सुट्टीतही शाळेची राखण करायचे. मी जेवून आमच्या टोलीतून, म्हणजे वस्तीतून, निघायची ती थेट शालूच्या घरी. घरात फक्त तिची आई, तिला मी काकू म्हणायची, चुलीपाशी.

टीव्ही आतल्या खोलीत कोपऱ्यात, लोखंडी स्टँडवर. शालू आत, भिंतीला टेकून. मी बाहेर छपरीत, उंबरठ्याला लागून. असं बसायचं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी दारात पोचले तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "तिथंच बस माय. तिथं हवा आहे." बोलणं इतकं मायेचं की मी बसले. कार्तिकाची थंडी पडलेली, आणि म्हणे हवा! आमची टोली निळ्या झेंड्याची, त्यांचं घर मारुतीच्या पाराजवळचं. काकू कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत, रोज चहा दिला, सणाला करंज्या दिल्या. फक्त 'आत ये' एवढं कधी म्हणाल्या नाहीत. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "देते ना चहा? मंग झालं."

मी बसले की शालू उठायची आणि स्टँड ओढून टीव्हीचं तोंड दाराकडे फिरवायची. शेणानं सारवलेल्या जमिनीवर स्टँडच्या पायांचे अर्धगोल ओरखडे पडले होते. काकू रोज त्यावर करवादायच्या.

भाषा कळत नव्हती म्हणून आम्हीच बोलायला लागलो. आवाज बंद करायचा आणि आमचे संवाद घालायचे. टेकडीवर भला मोठा दगडी वाडा, खाली गाव, गावातले लोक त्याचं नाव काढलं की मान खाली घालणारे, आणि तो स्वतः काळ्या कोटात, दिवसभर झोपून रात्री हिंडणारा. शालू म्हणाली, "हा तर मालगुजार आहे वं!" झालं. आमच्याकडची तळी ज्यांनी बांधली, गावंच्या गावं ज्यांच्या नावावर होती, ते मालगुजार आम्ही पाहिले नव्हते, पण दोघींच्या घरी त्यांच्या गोष्टी होत्या. फक्त माझ्या घरच्या गोष्टी वेगळ्या होत्या.

कोणी कोणाचं बोलायचं हेही आपोआप ठरलं. गोऱ्या, सोनेरी केसांच्या, पांढऱ्या झग्यातल्या बाया शालूच्या. उरलेले सगळे माझे. मालगुजार माझा, गाडीवान माझा, खानावळीतले भेदरलेले गावकरी माझे, मोलकरीण माझी. शालूचं बोलणं मात्र कधी वेळेवर यायचं नाही. तिकडे बाईचं तोंड मिटलं की इकडे हिचं सुरू. शिवाय दर दोन मिनिटांनी विचारायची, "आता कोण आलं वं?" समोर टीव्ही चालू, आणि ही मला विचारणार! मी खेकसायची, "डोळे फुटले का वं तुह्ये?" ती हसायची. "तू सांग न. तू चांगली सांगते." आणि मी सांगायची. मालगुजार आला, जिना चढून राहिला, आता मेणबत्ती विझली. मला वाटायचं, पोरगी जरा मंदच आहे.

एका सिनेमात एक सावळी मोलकरीण होती. सावळी कसली, चांगली काळी, माझ्यासारखी. कुठल्या बेटावरून आणलेली वगैरे असेल, आम्हाला काय कळणार. ती खोलीत यायची, मेणबत्ती ठेवायची, मालकिणीचे केस विंचरायची आणि जायची. कॅमेरा बहुतेक वेळा तिच्या पाठीकडे. पाठमोऱ्या माणसाला संवाद घालायला सोपं, ओठ जुळवावे लागत नाहीत. मी तिला लांबलचक भाषणं दिली. "बाई, खिडकी लावून घ्या. काल मालगुजाराच्या गाडीले घोडे नव्हते. मी पाहलं माह्या डोळ्यानं. पण माह्यं कोण आयकते?" शालू हसून लोळायची. काकूही चुलीपासून हसायच्या, म्हणायच्या, "बोलते मात्र भल्ली!"

त्या सिनेमात मालगुजार सगळ्यांना चावतो. मालकिणीला, तिच्या बहिणीला, पाद्र्याच्या पोरीला. मोलकरीण रोज त्याच्या वाटेत येते, जिन्यात समोरासमोर येते, तो बाजूनं निघून जातो. मी विचारलं, "हिले काहून नाही चावत?"

शालू म्हणाली, "तिचं रक्त काळं असंल."

दोघी खूप हसलो. मी जास्तच. घरी जाताना तळ्याच्या पाळीवर एकदम हसू थांबलं. रक्त पिणारासुद्धा सोवळं पाळतो की काय! शालूच्या मनात काही नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. तरी ते वाक्य मी विसरले नाही.

आता मोठी झाल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर हे सिनेमे बघते तेव्हा जागोजागी ओळखीची माणसं दिसतात. त्यातले ते डेरेवाले भटके, शेकोटीभोवती नाचणारे. गावात मुडदा पडला की पहिला संशय त्यांच्यावर, आणि पहिल्यांदा मरायचंही त्यांनीच. ती त्यांच्यातली म्हातारी, जी पाहुण्याला सांगते की जाऊ नको; तिचं कोणी ऐकत नाही. आणि तो रक्तपिपासू हटकून पूर्वेकडून येतो. पश्चिमेकडच्या शहाण्या, दिवे लागलेल्या शहरांना पूर्व म्हणजे जंगल, अंधार आणि विचित्र चालीरीती. एकदा प्रशिक्षणाला पुण्यात गेले होते. जेवताना एक बाई म्हणाल्या, "भंडारा? बापरे, केवढं लांब! तिकडे जंगलच ना सगळं? आणि तुमची ती भाषा!" त्यांचे डोळे असे मोठे झाले होते की मला त्या खानावळीतले गावकरी आठवले. सुळे दाखवावेत असं फार वाटलं. पण मी आपली वरणभात जेवत राहिले.

गेल्या वर्षी तो मोलकरणीचा सिनेमा मोबाईलवर सापडला. स्वच्छ केलेला, खाली इंग्रजी अक्षरं. मी हातातलं काम टाकून बसले. इतक्या वर्षांनी कळणार होतं, ती खरं काय बोलते. ती आली, मेणबत्ती ठेवली. अक्षरं नाहीत. केस विंचरले, मालकीण बोलली, अक्षरं आली. ही गप्प. शेवटपर्यंत बघितलं, मागे नेऊन पुन्हा बघितलं. पूर्ण सिनेमात तिला एक शब्द नाही. ती पाठमोरी असताना बोलत असेल असं मी समजत होते, ती पाठमोरी असतानाही गप्पच होती. शेवटी नावांची यादी आली तर तिथं नुसतं 'मोलकरीण'. मला इतकं वाईट वाटलं की स्वयंपाक न करता तशीच झोपले. सांगायला कोणी नव्हतं. हे ज्या एका माणसाला कळलं असतं, ते माणूस राहिलं नव्हतं.

शालूबद्दल लिहायचं तर ती एक दुपार लिहावीच लागेल.

या सिनेमांत एक नियम असतो. मालगुजार कितीही बलवान असो, वटवाघूळ होवो की धुकं होवो, आतल्या माणसानं 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम आम्हाला उशिरा कळला, चार-पाच सिनेमे बघितल्यावर. शालूला मोठी मजा वाटली. "मालगुजाराले कोणाची परवानगी लागते का वं?" मला मजा वाटली नाही. टेकडीवरचा तो धनी इतके दिवस मला माझा कधी वाटला नव्हता, नुसता आवाज देत होते त्याला. पण तो काचेच्या दाराबाहेर उभा राहिला, आत दिवा, आत बाई, आणि तो नुसता बघतोय, तेव्हा मी त्याला ओळखलं. त्याला थंडी वाजत असणार.

त्या दुपारी तोच प्रसंग चालू होता. तो दाराबाहेर. मी त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "ये म्हण. तू म्हटल्याबिगर मले येता येत नाही."

शालू बाईच्या नाजूक आवाजात म्हणाली, "ये."

मग तिनं मान फिरवली. टीव्हीकडून नव्हे, भिंतीकडून दाराकडे, माझ्याकडे. आणि स्वतःच्या आवाजात, हळू, म्हणाली, "ये न वं सुजाता. आत ये."

चुलीपासचा भांड्यांचा आवाज थांबला. काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, असं आता वाटतं. शालू माझ्याकडे बघत होती, मी काकूंकडे. उंबरठा माझ्या गुडघ्याला लागून होता. एक पाय उचलायचा होता, बस.

मी म्हटलं, "इथंच बरं आहे. हवा आहे इथं."

काकूंचंच वाक्य मी त्यांना परत दिलं, आणि ते ऐकून त्यांचे खांदे सैल पडले. त्या आत गेल्या. शालूनं मान परत भिंतीकडे वळवली. त्यानंतर तिनं एकही संवाद म्हटला नाही. सिनेमा मुक्यानं संपला.

काकूंनी मला आत बोलावलं नाही, हे दुःख मी पुष्कळ वर्षं जपलं. त्यावर वर्गात बोलले, एकदा भाषणातही बोलले, टाळ्या मिळाल्या. पण खरं सांगायचं तर बोलावणं आलं होतं. माझ्या मैत्रिणीनं आईच्या देखत, पंधराव्या वर्षी, मला आत बोलावलं होतं, आणि मी गेले नाही. हे मी कोणत्या भाषणात सांगणार?

सुट्टी संपली, परीक्षा आली. मी भंडाऱ्याला शिकायला आले, शालूचं बारावीनंतर लग्न होऊन ती नागपूरला गेली. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटलो तर "कशी आहे वं?", "बरी आहे." मला पुष्कळदा वाटलं की विचारावं, तुला आठवतं का ते? पण आठवत नसेल तर काय, अशी भीती. तीन वर्षांपूर्वी ती आजारानं गेली, ते मला पंधरा दिवसांनी एका विद्यार्थिनीकडून कळलं. तिच्या फोनमध्ये माझा नंबर नव्हता. असायला मी कधी दिला होता?

परवा फोन आला. अनोळखी नंबर, पलीकडे कोणी पोरगी म्हणाली, "मॅडम, कॉलेजातून नंबर घेतला. काकू बोलून राहिल्या." मग थकलेला आवाज. "सुजाता, मी शालूची आई. धान निघालं बापा. शालू गेल्यापासून मले गमत नाही. येशील का एखांद्या दिवशी?" गमत नाही. करमत नाही म्हणायचा हा आमच्याकडचा शब्द कोणी म्हातारं माणूस फोनवर म्हणालं, की त्याच्याभोवतीचं रिकामं घर ऐकू येतं. मी म्हटलं, "येतो."

एसटीनं लाखनी, तिथून ऑटो. महामार्गावर धानाचे ट्रक, बांध्यांमध्ये विळ्यांऐवजी हार्वेस्टर. वाकलेली माणसं कमी झाली, हे बरंच झालं. आईची कंबर शेवटपर्यंत सरळ झाली नाही. तळ्याच्या पाळीवर ऑटो हळू झाला तेव्हा मी उगाच पदर सारखा केला.

काकू छपरीत खाटेवर बसल्या होत्या. उंबरठ्याला लागून. माझ्या जागेवर. अंगाची नुसती काडी झालेली. यजमान गेले, मुलगा नागपुरात, शेती दुसऱ्याला कसायला दिलेली. सकाळी एक बाई येऊन भाकर टाकून जाते. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

"मोठी झाली वं," म्हणाल्या.

"म्हातारी झाली, काकू."

"मंग मी काय झाली?" आणि हसल्या. मग गुडघ्यांचं सांगितलं. उंबरठा उंच आहे, रोज चढवत नाही, म्हणून दिवसभर इथंच. सकाळी ती बाई बाहेर आणून बसवते, संध्याकाळी शेजारचं कोणी आत नेतं. टीव्ही आत आहे, दारातून दिसतो तेवढा पाहायचा. "आज तिनं पुसता पुसता भिंतीकडे करून टाकला. जाय न माय आत, जरा इकडे फिरव."

जाय न आत. एवढ्या वर्षांनी उंबरठ्याचं बोलावणं आलं ते कामाचं निघालं! त्या मोलकरणीलाही कधी कोणी बोलवत नव्हतं. ती आपली आत-बाहेर करायची, तिच्यासाठी नियमच नव्हता. मला राग यायला हवा होता, आलाही थोडा. मग मी चपला काढल्या आणि आत गेले. कोणी अडवलं नाही, काही कोसळलं नाही. एवढीशी तर खोली.

टीव्ही नवा, चपटा होता, पण खालचा लोखंडी स्टँड तोच. भिंतीवर शालूचा फोटो, हार वाळलेला. फोटोत ती चाळीस-पंचेचाळीसची, माझ्या ओळखीची नसलेली. मी स्टँड ओढला.

"अजून फिरव," काकू बाहेरून म्हणाल्या. "पुरा. शालू फिरवायची तसा."

पुरा फिरवला. कुठलीशी मालिका चालू होती. मी भिंतीला टेकून खाली बसले, फोटोखाली, शालू बसायची त्याच जागी. आणि समोर बघितलं.

काही दिसेना.

टीव्हीची नुसती कड दिसत होती आणि समोरच्या भिंतीवर हलणारा निळा उजेड. मान वाकडी केली, पुढे सरकले, तरी चित्र नाही. जुना टीव्ही फुगीर काचेचा होता, त्यात कडेनं काही सावल्या दिसत असतील तर असतील. म्हणजे त्या सुट्टीत तिनं एकही सिनेमा पाहिला नव्हता. रोज पडदा पुरा माझ्याकडे फिरवून ती इथं भिंतीशी बसत होती, आणि मला विचारत होती, आता कोण आलं वं? मी तिला म्हणत होते, डोळे फुटले का. तिचे संवाद मागे पडायचे, कारण तिला ओठ दिसत नव्हते. तिला फक्त दार दिसत होतं आणि दारात मी.

मी पदर तोंडात धरून रडले. वर फोटोतली शालू समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"काय झालं वं?" काकूंनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "मी रोज बोंबलायची तिच्यावर, तुले दिसत नाही न कायले फिरवते? तर म्हणे, मले आयकू येते न." मग खाटेचा काठ धरून, "तिनं तुले आवाज देल्ला होता न त्या दिवशी. मी आयकलं होतं. मी एक शब्द बोलली असती तं..."

बाहेर ऊन उतरलं होतं. दाराच्या उजेडात काकूंची आकृती नुसती काळी दिसत होती, चेहरा कळत नव्हता. तेव्हा मीही शालूला इथून अशीच दिसत असणार. मालिकेत दार वाजल्याचा आवाज आला.

मी डोळे पुसले आणि विचारलं, "काकू, आता कोण आलं?"

काकूंनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "तूच आली वं माय. दुसरं कोण येते इथं."

थंडी पडायला लागली होती, तणसाचा वास छपरीतून आत येत होता. मी उठले, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले आणि हात पुढे केला.

"या काकू," मी म्हटलं. "आत या."